डोंगर चढून आलेली, डोंगर उतरून गेलेली माणसं

शहाद्याकडून तोरणमाळला येणारा पाहुणा राणीपूर सोडलं की घाटाला लागतो. सातपायरीची वळणं चढून वर आला की गार वारं अंगाला लागतं. मग यशवंत तलाव, सीताखाईचा तुटलेला कडा, गोरखनाथाचं मंदिर. साडेअकराशे मीटरच्या आसपास उंची, त्यामुळं खाली तापीकाठी अंग भाजत असताना इथं रात्री गोधडी लागते. पाहुणा फोटो काढतो, भुट्टा खातो आणि संध्याकाळच्या आत खाली उतरतो. त्यात वावगं काही नाही. फक्त जाताना तो मनात एक चित्र घेऊन जातो, की हा डोंगर जसा जुना तशी इथली माणसंही जुनी. झाडासारखी इथंच उगवली आणि इथंच उभी राहिली. आमच्याबद्दल लिहिणारे पुष्कळजणही तसंच लिहितात.

मला तर असं एकही घर माहीत नाही, की ज्यातलं माणूस कुठून तरी आलेलं नाही किंवा कुठं तरी गेलेलं नाही.

मी पावरा. प्राथमिक शाळेत मास्तरकी केली. काही वर्षांपूर्वी महाशिवरात्रीच्या यात्रेच्या दिवसांत आम्ही चार-पाच शिक्षक आणि कॉलेजात शिकणारी गावातली पोरं मिळून एका पाड्यावरच्या शाळेत एक प्रदर्शन मांडलं. प्रदर्शन म्हणजे फार मोठा शब्द झाला. दोन खोल्या, बाकांना बाक जोडून केलेली टेबलं, खाकी कागदाचे तक्ते आणि सुतळी. विषय एकच ठेवला : आपण कुठून आलो आणि कुठं गेलो. प्रत्येक घरानं एखादी वस्तू नाही तर एखादा कागद आणायचा, यात्रा संपली की परत न्यायचा. अशी लाहा करून मांडलेली गोष्ट होती ती. लाहा म्हणजे आमच्याकडं एकमेकांच्या कामाला फुकट जाण्याची रीत; घर बांधायचं असो की निंदणी, आज तुझ्याकडं, उद्या माझ्याकडं.

पहिले दोन दिवस कुणी काही आणलं नाही. "आमच्या घरात दाखवण्यासारखं काय आहे?" हाच जबाब. मग एक म्हातारा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेले कागद घेऊन आला, आणि त्या पिशवीनं दार उघडलं. कारण कागद प्रत्येकाकडं होते. कुडाच्या भिंतीत खोचलेले, धान्याच्या कोठीवर ठेवलेले, धुरानं पिवळे पडलेले. आदिवासी माणसाकडं लिखित इतिहास नसतो असं म्हणणाऱ्यानं एकदा आमच्या घरातल्या पिशव्या उघडून बघाव्यात.

त्या म्हाताऱ्याच्या पिशवीतून पहिला तक्ता तयार झाला. त्याच्या घराण्याचे कागद आम्ही वरून खाली क्रमानं लावले. सगळ्यात जुन्यावर जिल्हा 'पश्चिम खानदेश' होता आणि राज्याच्या जागी 'मुंबई'. पुढच्यावर जिल्हा धुळे, राज्य महाराष्ट्र. १ जुलै १९९८ नंतरच्या कागदांवर जिल्हा नंदुरबार. घर तेच, शेत तेच, दारापुढचं मोहाचं झाडही तेच. तीन पिढ्यांत माणूस जागचा हलला नाही, पण त्याचा पत्ता मात्र सारखा गावाला जात राहिला. पोरांना हा तक्ता फार आवडला. यात्रेला आलेले लोकही त्याच्यापुढं थांबून हसायचे आणि मग आपापल्या घरचे कागद आठवायचे.

यातून एक गोष्ट सहज पुढं आली. तोरणमाळच्या पूर्वेला आणि नर्मदेच्या पल्याड आज मध्य प्रदेश आहे. स्वातंत्र्याआधी इकडं इंग्रजांचा खानदेश जिल्हा, तिकडं बडवानीचं संस्थान, नदीपलीकडं अलिराजपूरचं. आमच्या सोयरिकी तिन्हीकडं. इकडं ज्यांना पावरा म्हणतात त्यांचेच भाऊबंद तिकडं बारेला. बोली जवळजवळ एकच, देव एक, इंदल एक, होळीआधीचा भोंगऱ्या बाजार एक. बायका लग्न होऊन इकडून तिकडं जातात, तिकडून इकडं येतात आणि त्याला स्थलांतर असं कुणी म्हणत नाही. पण महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत 'पावरा' हे नाव भिल्लांच्या नोंदीत आहे, आणि मध्य प्रदेशच्या यादीत भिल्लांच्या नोंदीत 'बारेला' आहे. म्हणून बडवानीकडून आलेल्या सुनेला जातीचा दाखला माहेरच्या राज्यातून आणावा लागतो, आणि इकडच्या नोकरीत तो चालत नाही. ती आली ती तीन डोंगर ओलांडून, तिच्या आजीसारखीच. मधून राज्याची हद्द गेली हे तिला तहसील कचेरीत कळलं. एका सुनेनं आपली गळ्यातली चांदीची हासळी आणून ठेवली होती. आईची होती. खाली चिठ्ठीवर तिनं मुलीकडून लिहवून घेतलं, 'ही मध्य प्रदेशातून आली, हिला दाखला लागला नाही.'

आता पावागडाची गोष्ट. तिच्यावरून पहिलं भांडण झालं.

आमच्यातले म्हातारे सांगतात, की पावरा लोक पावागडाहून आले. राज बुडालं, लढाईत हरलो, मग नर्मदा ओलांडून या डोंगरात शिरलो. पावागडाच्या पायथ्याचं चांपानेर महमूद बेगड्यानं १४८४ साली घेतलं, हा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या पूर्वजांचा आणि त्या लढाईचा नेमका संबंध दाखवणारा कागद नाही. नावातलं साम्य आहे, सांगोवांगी आहे, आणि ही सांगोवांगी इतकी जुनी आहे, की इंग्रजांनी १८८० साली खानदेशचं गॅझेटियर छापलं त्यातही त्यांनी पावऱ्यांबद्दल लिहिताना तिची नोंद केली. तोरणमाळला ते 'तुरणमाळ' लिहीत. गॅझेटियर लिहिणारा साहेब कुणाकडून तरी ऐकूनच लिहीत होता, हे विसरता कामा नये. आजकाल आमचीच शिकलेली पोरं त्या पुस्तकाचा दाखला देऊन आजोबाला त्याचीच गोष्ट सांगतात, तेव्हा मला गंमत वाटते.

तर पोरांनी ठसठशीत अक्षरात तक्ता केला : 'आपण पावागडाहून आलो.' गावचे डाह्या आले, वाचून घेतला आणि म्हणाले, "मास्तर, हे काढ."

"का काढू? तुम्हीच सांगितलेलं आहे."

"मी शेकोटीपुढं सांगितलं. तू भिंतीवर लावलं. उद्या फॉरेस्टचा माणूस वाचेल आणि म्हणेल, बघा, हेच म्हणतात आम्ही बाहेरून आलो. मग आमच्या दाव्याचं काय?"

ते पावरीत बोलले, मी मराठीत लिहितोय. पण त्यातली धास्ती मराठीत पुरती येत नाही. ती समजून घ्यायची तर जंगलाचा इतिहास बघावा लागतो.

१८१८ साली पेशवाई गेली आणि खानदेश इंग्रजांकडं आला. डोंगरातल्या भिल्लांनी त्यांना सुखानं बसू दिलं नाही. म्हणून १८२५ साली औट्रमनं भिल्लांचीच पलटण उभी केली. काट्यानं काटा. पुढं १८७८ सालचा वनकायदा आला आणि डोंगर सरकारचा झाला. लाकूड तोडायला, वणवा विझवायला, रस्ते करायला माणसं हवी होती, म्हणून खात्यानं जंगलात वनगावं ठेवली. अक्राणी आणि अक्कलकुवा या दोन तालुक्यांत अशी सत्तरच्या वर वनगावं होती. वनगावात राहणाऱ्याला सातबारा नाही. जमीन कसायची, पण खात्याच्या मर्जीनं. महसुली गावात जो 'शेतकरी' असतो तो इथं कागदावर 'अतिक्रमणदार' होऊ शकत होता. हा शब्द आमच्या म्हाताऱ्यांनाही स्पष्ट उच्चारता येतो. इतर जड मराठी शब्द येत नाहीत, हा येतो.

२००६ साली वनहक्काचा कायदा झाला. त्यात आदिवासीनं दाखवायचं ते एवढंच, की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ही जमीन आपल्या ताब्यात आहे. पाचशे वर्षांपूर्वी तुमचे वाडवडील पावागडाहून आले की आभाळातून पडले, हे कुणी विचारत नाही. दुसरीकडं जातपडताळणीला गेलात तर तिथं ६ सप्टेंबर १९५० ही तारीख लागते. त्या दिवशी अनुसूचित जमातींचा आदेश निघाला, म्हणून त्या आधीपासून घराणं इथलं असल्याचा पुरावा मागतात. एक कचेरी विचारते, पन्नास साली तुझा आजा कुठं होता? दुसरी विचारते, पाच साली तुझा नांगर कुठं होता? ज्यांच्या घरी जन्मतारीखसुद्धा 'मोठ्या पुराच्या साली', 'होळीनंतर' अशी सांगितली जाते, त्यांना या दोन तारखा मात्र तोंडपाठ.

मी डाह्यांना हे समजावलं. त्यांची मान काही हलली नाही. मग पोरांतल्या एकानं वनहक्काचे नियम काढले. २००८ साली लागू झालेल्या त्या नियमांत तेरावा नियम पुराव्यांचा आहे. त्यात सरकारी कागद आहेतच, पण त्याबरोबर घर, झोपडी, शेताचे बांध हेही पुरावे आहेत. जुन्या विहिरी, पुरण्याच्या जागा, देवस्थानं आहेत. वंशावळ आहे. आणि दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्या माणसानं सांगितलेली आणि लिहून घेतलेली हकिकतसुद्धा आहे. पोरानं ते वाक्य दोनदा वाचलं.

"म्हणजे मी बोललेलं चालतं?" डाह्यांनी विचारलं.

"लिहून घेतलं तर चालतं."

तेव्हा ठरलं, की तक्ता ठेवायचा, पण वाक्य बदलायचं. नवीन तक्ता असा झाला : 'आमचे म्हातारे सांगतात, की आमचे पूर्वज पावागडाकडून आले. या पाड्यावर आमच्या किती पिढ्या झाल्या, ते खाली लिहिले आहे.' आणि खाली प्रत्येक घराण्याची वंशावळ. डाह्या स्वतः बसून सांगत गेले. सात-आठ नावांपर्यंत न अडखळता. सासरी गेलेल्या मुलींची नावं घ्यायची की नाही यावर थोडी घासाघीस झाली. बायकांनी ती घ्यायला लावली.

माझं स्वतःचं मत विचाराल तर दुसरा तक्ता पहिल्यापेक्षा इतिहास म्हणूनही चांगला होता. कोण सांगतंय हे त्यात होतं. पुष्कळ छापील इतिहासात ते नसतं.

दुसरी खोली नदीची. ती मांडायला जास्त दिवस लागले आणि तिच्यात माणसं जास्त वेळ थांबली.

सरदार सरोवराच्या पाण्यानं तीन राज्यांतली मिळून २४५ गावं बाधित झाली. त्यात महाराष्ट्राची ३३, सगळी अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली. मणिबेलीपासून वर नदीकाठानं चिमलखेडी, निमगव्हाण, डोमखेडी, भुषा अशी ही गावं. तोरणमाळ नदीपासून उंचावर, त्याला पाणी लागायचा प्रश्न नव्हता. पण सोयरिकी नदीकाठी होत्या. माझ्या आईचं माहेर काठावरचं. मामाच्या घरी लहानपणी खाल्लेले मासे आणि नदीच्या गाळात पिकलेल्या काकड्या यांची चव मला अजून सांगता येईल, पण तो विषय लांबवत नाही.

१९६१ साली ५ एप्रिलला पंडित नेहरूंनी केवडियाजवळ धरणाचा पाया घातला. १९७९ साली लवादाचा निवाडा आला. त्यात जमिनीला जमीन आणि बाधित कुटुंबाला कमीत कमी दोन हेक्टर असं लिहिलेलं होतं. वाचायला चांगला निवाडा आहे. १९८५ साली जागतिक बँकेनं कर्ज दिलं. मोर्स समितीचा अहवाल १९९२ साली आल्यावर १९९३ साली बँक बाजूला झाली. त्याच काळात मणिबेलीत पाणी शिरलं आणि शूलपाणेश्वराचं देऊळ बुडालं. मग भिंतीची उंची टप्प्याटप्प्यानं वाढत गेली : २००२ साली ९५ मीटर, २००३ साली १००, २००४ साली ११० च्या वर, २००६ साली १२१.९२, शेवटी १३८.६८. २०१९ च्या पावसाळ्यात पहिल्यांदा सरोवर काठोकाठ भरलं. मुंबई-दिल्लीच्या माणसाला हे आकडे म्हणजे बातमी. आमच्या माणसाला एकेक आकडा म्हणजे कुणाचं तरी घर. आम्ही खोलीच्या भिंतीवर खालपासून वर खडूच्या रेघा मारल्या, रेघेवर मीटर लिहिले आणि ज्याचं घर ज्या पाण्यात गेलं त्यानं त्या रेघेवर आपल्या गावाचं नाव लिहायचं, असं ठेवलं.

ही रेघांची भिंत करायची सूचना एका पोरीची. तिचे आईवडील तळोद्याकडच्या पुनर्वसनात राहतात. महाराष्ट्र सरकारनं तळोदा वनक्षेत्रातली ४२०० हेक्टर जमीन या पुनर्वसनासाठी मोकळी करून घेतली. तिथं सोमावल, रोझवा, नर्मदानगर, रेवानगर अशा वसाहती झाल्या. काही कुटुंबं त्याआधीच गुजरातेत परवेट्याला गेली. पण तळोद्याचं ते जंगल रिकामं नव्हतं. तिथं दुसरे आदिवासी आधीपासून नांगर धरून होते आणि त्यांचेही दावे होते. एका विस्थापिताला जागा द्यायला दुसऱ्याच्या पायाखालची जमीन ओढायची, आणि मग दोघं भांडले की म्हणायचं, बघा, आदिवासी आपसात भांडतात. त्या वसाहतींत आज वीज आहे, रस्ता आहे, मोटारसायकली आहेत, पोरं शिकलीत, हेही मी डोळ्यांनी बघितलंय आणि ते लपवायचं कारण नाही. त्या पोरीची आई म्हणाली, "तिकडं सगळं सपाट. दिवस मावळताना कुठल्या डोंगराआड जातो तेच कळत नाही." आई तक्रार करत नव्हती. विचारलं म्हणून सांगत होती.

बिलगावचाही एक कोपरा केला होता. बिलगावला लोकांनी श्रमदान करून २००३ साली ओढ्याच्या पाण्यावर छोटा वीजप्रकल्प उभा केला होता. सरकारची तार पोचली नव्हती अशा गावात बल्ब लागले. २००६ च्या पावसाळ्यात तो पाण्याखाली गेला. त्या गावातल्या एकानं प्रदर्शनाला एक होल्डर आणून दिला. नुसता काळा होल्डर, बल्ब नसलेला. यात्रेकरूंना कळायचं नाही हे काय आहे. मग कुणी तरी पोर पुढं होऊन सांगायचं.

आणि याच खोलीत तो प्रश्न आला, ज्याचं उत्तर माझ्याकडं आजही पुरतं नाही.

नदीकाठचं एक कुटुंब. त्यांचं नाव, गाव मी लिहीत नाही, का ते पुढं कळेल. त्यांचं घर सरकारी यादीत 'अघोषित'. ज्यांची नावं बाधितांच्या यादीत होती ते घोषित, राहून गेली ते अघोषित. यात मोठे झालेले मुलगे, वनजमीन कसणारे, ज्यांचं शेत पाण्यात गेलं पण घर वर राहिलं असे कितीतरी. न्यायमूर्ती दाऊद समितीनं २००१ साली गावोगाव फिरून हा प्रश्न मांडला होता. या कुटुंबानं वाट बघितली, पाणी दारात आलं तशी गुरं, कोठ्या, देव घेऊन डोंगर चढले आणि वर पठाराकडं नातेवाइकांजवळ येऊन राहिले. जंगलाच्या कडेला थोडी जागा साफ करून ज्वारी-मका पेरू लागले. त्या माणसानं भिंतीवरच्या रेघेपाशी जाऊन आपल्या गावाचं नाव लिहिलं. शेजारी पोरानं विचारलं, "वर कधी आलात?" त्यानं साल सांगितलं, पोरानं लिहिलं. साल २००५ नंतरचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माणूस माझ्याकडं आला. रात्री त्याला कुणीतरी सांगितलं होतं. म्हणाला, "मास्तर, ते साल पूस. मी डाव्या हाताचा माणूस नाही, खोटं बोलत नाही. पण माझा दावा त्या साली मरतो."

कायद्यात खरं तर त्याच्यासाठी वाट असू शकते. वनहक्क कायद्याचं कलम ४(८) सांगतं, की सरकारच्या विकासकामामुळं जमिनीची भरपाई न मिळता ज्या आदिवासीला उठवलं, त्याचाही काही अटींवर हक्क आहे. मी ते त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "हे तुझ्या पुस्तकात आहे. समितीपुढं बसणाऱ्याच्या पुस्तकात आहे का?" मी गप्प बसलो. अर्ज, पंचनामा, परत आलेला अर्ज, परत पंचनामा हे सगळं त्यानं बघितलेलं होतं, मी नाही.

पोरांत दोन तट पडले. एकजण म्हणाला, साल पुसलं तर प्रदर्शन खोटं झालं. धरणानं केलेलं आपणच लपवलं. दुसरा म्हणाला, भिंतीसाठी माणूस आहे की माणसासाठी भिंत? तासभर चाललं. मी ते साल ओल्या फडक्यानं पुसलं. गावाचं नाव आणि पाण्याची रेघ तशीच राहिली. सालाच्या जागी खडूचा पांढरा डाग राहिला, तो पाण्यानं नीट निघाला नाही. त्या वर्षी दुसरीकडं कुठं असं करणाऱ्या माणसाला मी इतिहास लपवणारा म्हटलं असतं. इथं मला ते म्हणता येत नाही. ज्याची तारीख, त्याचा तिच्यावर हक्क आधी, असं मी मानतो.

या सगळ्याची तोंडी नोंद व्हायला पाहिजे ती झालीच नाही असं मात्र नाही. निमगव्हाणचे केशवभाऊ आणि केवलसिंग वसावे यांच्याकडून ऐकलेला इतिहास नंदिनी ओझा यांनी 'लढा नर्मदेचा' या पुस्तकात आणलाय. तिकडं नर्मदेपल्याड छोटा उदेपूरजवळ तेजगढला भाषा संस्थेच्या आदिवासी अकादमीत 'वाचा' नावाचं संग्रहालय आहे, तिथं आदिवासींच्या वस्तू आदिवासींच्याच बोलण्यासकट ठेवायचा प्रयत्न आहे. पुण्याच्या आदिवासी संग्रहालयात आमची वाद्यं, तीरकामठे, दागिने काचेत आहेत. ती जागा जुनी, १९६२ सालापासूनच्या संस्थेची, आणि जपणूक चांगली. पण काचेतल्या तीरकामठ्याखाली तो कुणाचा, हे लिहिलेलं नसतं. आमच्या प्रदर्शनात वस्तूंना काच नव्हती. पोरं हात लावायची. एक दुधी भोपळ्याचं भांडं फुटलं, त्यावरून घरमालकीण दोन दिवस बोलली नाही.

बाहेरच्या व्हरांड्यात कोयता टांगला होता. नवा, धार लावलेला. त्याला जुना इतिहास नव्हता, म्हणूनच तो तिथं होता. दिवाळी झाली की आमच्या पाड्यांवरून मुकादमाची गाडी भरते. दक्षिण गुजरातेत, बारडोली-सुरत भागात ऊसतोडीला. तिथं कोयता म्हणजे हत्यार नाही, माणूसही नाही. कोयता म्हणजे जोडी. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्यावर मिळते, हिशेब कोयत्यावर होतो. यान ब्रेमन नावाच्या डच समाजशास्त्रज्ञानं बारडोलीच्या ऊसतोडीवर १९७८ साली लिहिलं, तेव्हा त्यात तोडणारे पुष्कळसे खानदेशचे होते. तिथं स्थानिक मजूर असूनही कारखाने लांबून माणसं का आणतात, हे त्यानं शोधलं. उत्तर साधं होतं. लांबून आणलेला माणूस रात्री-अपरात्री उठवता येतो, त्याला पळून जायला घर जवळ नसतं. तेव्हापासून गाड्या बदलल्या, मोबाईल आले. उचल फिटायची रीत मात्र तीच. हल्ली बरेचजण सौराष्ट्रात शेतीकामाला जातात, तिथं वर्षभर राहतात.

कोयत्याखाली शाळेचं जुनं हजेरीपत्रक उघडून ठेवलं होतं. नावं शाईपट्टीनं झाकलेली. दिवाळीनंतरच्या पानांवर एकेका ओळीत सलग गैरहजर, गैरहजर. मग होळीच्या आसपास चार दिवस हजर, कारण होळीला माणूस कुठूनही घरी येतो. मग पुन्हा गैरहजर. त्या वर्गातला एक मुलगा आता मुकादम आहे. तो प्रदर्शनाला आला, हजेरीपत्रकात आपली ओळ शोधली, बोट ठेवून मोजली. नंतर त्यानं खिशातून शंभराची नोट काढून पेटीत टाकली आणि काही न बोलता गेला. पेटी आम्ही सूचनांसाठी ठेवली होती.

शेवटची वस्तू म्हणजे नकाशा. शाळेतला जुना नकाशा होता, महाराष्ट्राचा. त्यावर तोरणमाळला खिळा ठोकला आणि ज्याच्या घरचं माणूस जिथं असेल तिथपर्यंत त्यानं दोरा बांधायचा. लग्न होऊन गेलेल्यांचा लाल, पुनर्वसनात गेलेल्यांचा निळा, कामाला गेलेल्यांचा पांढरा. सुरुवातीला गंमत म्हणून चाललं. दुपारपर्यंत अडचण आली. महाराष्ट्राच्या आत जाणारे दोरे मोजकेच, तळोदा, शहादा, धुळे, एखादा नाशिकला. बाकी सगळे पश्चिमेला आणि उत्तरेला निघाले आणि नकाशाच्या कडेला येऊन लोंबकळू लागले. पोरांनी गुजरातचा कागद चिकटवला, मग वर मध्य प्रदेशचा. सुरत, बारडोली, परवेटा, बडवानी यांना खिळे मिळाले. संध्याकाळी एक म्हातारी आली. तिचा मुलगा आणि सून जुनागढकडं, कुठल्या गावाला ते तिला सांगता येईना. फोनवर ऐकलेलं नाव ती दोन-तीन प्रकारे म्हणून बघत होती. चिकटवलेला कागद राजकोटपर्यंतच होता. मुलांनी भिंतीवरच, कागदाच्या बाहेर, चुन्यात खिळा ठोकला आणि पांढऱ्या दोऱ्याचं टोक तिच्या हातात दिलं.